वांकडें झालेलें तोंड केव्हां सरळ होईल?

सकाळीं उठून मनुष्य चूळ भरावयास जातो आणि तोंडांतील पाणी ओंठांच्या एका कोपऱ्यांतून आपोआप ओघळूं लागतें. आरशांत पाहावें, तों एक डोळा मिटत नाहीं, एक गाल लोंबल्यासारखा दिसतो आणि हंसूं गेल्यास तोंड एकाच बाजूस ओढलें जातें. आदल्या रात्रीं हाच मनुष्य नीट जेवलेला, बोललेला आणि निश्चिंतपणें झोंपी गेलेला असतो. एका रात्रींत हें झालें कसें, या विचारानें तो गांगरून जातो. घरांतील वडील मंडळी म्हणतात, 'तोंडावरून वारें गेलें.' शेजारी म्हणतो, 'गाडीच्या खिडकीशीं बसल्यामुळें गार वारा बाधला.' तिसरा कोणी अर्धांगवायूचें नांव काढतो आणि मग घरांत रडारडच सुरू होते. या साऱ्या गलबल्यांत रोग्याच्या मनांत मात्र एकच प्रश्न असतो. आपलें तोंड पुन्हां पूर्वीसारखें होईल काय, आणि होणार असेल तर केव्हां?

या प्रश्नाचें उत्तर देण्याचें शास्त्र आतां बरेंच पुढें गेलेलें आहे. पण त्यांत एक विलक्षण अडचण आहे. या विकारावर जें औषध गुणकारी ठरलें आहे, तें पहिल्या तीन दिवसांच्या आंत सुरू करावें लागतें. आणि विकार कितपत खोल गेला आहे हें सांगणाऱ्या परीक्षा पहिले तीन दिवस उलटल्यावांचून विश्वासास पात्र होत नाहींत. म्हणजे उपचाराची वेळ आधीं येते आणि भाकिताची वेळ मागून येते. हा क्रम ज्याच्या नीट ध्यानांत आला, तो भीतीनें हातपाय गाळणार नाहीं, आणि 'आपोआप बरें होईल' या भरंवशावर स्वस्थही बसणार नाहीं.

हा विकार नवा नव्हे. आपल्या आयुर्वेदांत 'अर्दित' या नांवानें तोंड वांकडें होण्याच्या रोगाचें वर्णन आहे. इराणांतील थोर वैद्य अल्-राझी यानेंही त्याविषयीं लिहून ठेवलें आहे. जर्मनींतील व्यूर्झबुर्ग येथील फ्रीडराइख या वैद्यानें १७९८ सालीं अशा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. परंतु जगांत या रोगाला नांव मिळालें तें सर चार्ल्स बेल याचें. बेल हा १७७४ सालीं स्कॉटलंडमध्यें एडिंबरो येथें जन्मलेला शल्यवैद्य. चेहऱ्याच्या हालचालींचा मज्जातंतु कोणता व संवेदनेचा कोणता, याचा शोध घेत असतां त्यानें १८२१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आपला निबंध मांडला. तेव्हांपासून, उघड कारणावांचून अचानक चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली म्हणजे तिला 'बेलचा पक्षाघात' म्हणण्याची वहिवाट पडली. दर लाख वस्तींत वर्षाकाठीं सुमारें वीस ते तीस माणसांना हा विकार होतो. म्हणजे मोठ्या गांवांत दरवर्षीं तो कोणाच्या ना कोणाच्या घरीं येतोच.

सर्वांत पहिली शंका अर्धांगवायूची असते, आणि ती रास्त आहे. दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी खूण आहे. रोग्याला भुंवया वर उचलण्यास सांगावें. कपाळाच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळतात. त्यामुळें मेंदूंत बिघाड झाला तर गाल व तोंड लुळें पडतें, पण कपाळावर आंठ्या बहुधा पडतात. बेलच्या पक्षाघातांत बिघाड मेंदूच्या बाहेर, खुद्द मज्जातंतूंत असतो. म्हणून त्या बाजूचें कपाळही गुळगुळीत राहतें. तथापि ही खूण पाहून घरच्या घरीं निर्णय करणें धोक्याचें आहे. हात किंवा पाय लुळा पडला, वाचा अडखळली, चालतांना तोल गेला, एकाचे दोन दिसूं लागले किंवा कपाळ हालत असून तोंड वांकडें झालें, तर एक क्षणही न दवडतां रुग्णालय गांठलें पाहिजे.

आतां त्या मज्जातंतूचा मार्ग पाहूं. मेंदूच्या बुडापासून निघालेला हा मज्जातंतु कानाजवळच्या हाडांतील एका वळणावळणाच्या बोगद्यांतून सुमारें तीन सेंटिमीटर प्रवास करतो आणि कानाच्या पाळीखालीं बाहेर पडून कपाळ, डोळा, गाल, ओंठ व मान यांकडे जाणाऱ्या पांच मुख्य शाखांत विभागतो. बोगद्यांत असतांनाच त्याला फांटे फुटतात. एक अश्रूंच्या ग्रंथीकडे जातो, एक कानांतील अगदीं लहान स्नायूकडे जातो, आणि एक जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव वाहून नेतो. म्हणून कित्येक रोग्यांना तोंड वांकडें होण्याबरोबरच अन्न बेचव लागतें, एका कानाला आवाज कर्कश वाटतात आणि कानामागें ठणका लागतो.

हा बोगदा एके ठिकाणीं इतका अरुंद आहे कीं त्याचा व्यास एक मिलिमीटरहि भरत नाहीं. पावसाळ्यांत लांकडी दार फुगतें आणि चौकटींत घट्ट बसतें. चौकट कांहीं हालत नाहीं. दारच अडकून पडतें. तसेंच येथें होतें. मज्जातंतूला सूज आली म्हणजे हाडाची भिंत मागें सरत नाहीं, आणि मज्जातंतु आपल्याच सुजेनें चेंगरला जातो. ही सूज बहुधा ओंठांवर पुरळ उठविणाऱ्या साध्या विषाणूमुळें येत असावी, असें मानण्यास आधार आहे. हा विषाणु वर्षानुवर्षें मज्जातंतूच्या गांठींत निद्रिस्त राहूं शकतो. १९९६ सालीं जपानांतील वैद्यांनीं शस्त्रक्रियेच्या वेळीं चौदा रोग्यांच्या मज्जातंतूंतील द्रव तपासला, तेव्हां अकरा जणांत या विषाणूचें अस्तित्व आढळलें. खिडकींतल्या गार वाऱ्यावर सारा दोष ढकलण्यास मात्र तसा भक्कम पुरावा नाहीं.

रोगी बरा केव्हां होईल हें, मज्जातंतु किती चेंगरला यावर अवलंबून असतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जखमी सैनिकांचे मज्जातंतू तपासून सेडन या इंग्रज शल्यवैद्यानें १९४३ सालीं इजेचे तीन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारांत तंतु जिवंत व अखंड असतो, फक्त त्यांतून जाणारा संदेश एका जागीं अडतो. अडथळा दूर झाला कीं कांहीं दिवसांत किंवा आठवड्यांत काम पूर्ववत् सुरू होतें. दुसऱ्या प्रकारांत आंतला तंतु मरतो, पण ज्या सूक्ष्म नळींतून तो जातो ती नळी शाबूत राहते. त्या नळीच्या आधारानें नवा कोंब पुढें वाढूं शकतो. परंतु त्याची चाल मंद, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणून येथें महिने लागतात. तिसऱ्या प्रकारांत नळ्याहि तुटतात. मग कोंबांना वाट सांपडत नाहीं. कांहीं कोंब मधेंच थांबतात आणि कांहीं भलत्याच घरीं जाऊन पोंचतात. बेलच्या पक्षाघातांत एकाच मज्जातंतूंतील हजारों तंतूंपैकीं कांहीं केवळ अडलेले, कांहीं मेलेले आणि कांहीं त्याहूनहि अधिक दुखावलेले असे मिश्रण असूं शकतें. भाकित करावयाचें तें या मिश्रणांतील प्रमाणाचें.

हें प्रमाण पहिल्या दिवशीं कां कळत नाहीं? याचें उत्तर ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञानें १८५० सालीं बेडकांच्या जिभेंतील मज्जातंतू तोडून केलेल्या प्रयोगांत आहे. तंतु एका ठिकाणीं तुटला कीं त्याच्या पलीकडचा भाग हळूहळू झिजून नष्ट होतो. पण तो तत्काळ मरत नाहीं. झाडाची फांदी तोडली तरी तिचीं पानें दोन दिवस हिरवींच दिसतात. वाळूं लागल्यावरच ती फांदी झाडापासून तुटली आहे हें डोळ्यांना कळतें. मनुष्याच्या चेहऱ्यावरील तुटलेला तंतूही असाच सुमारें तीन दिवस विजेच्या स्पर्शाला उत्तर देत राहतो. म्हणून दुसऱ्या दिवशीं केलेली विद्युत्-परीक्षा मेलेल्या तंतूलाहि जिवंत म्हणूं शकते. ती परीक्षा तिसरा दिवस उलटल्यानंतर व साधारण दोन आठवड्यांच्या आंत केली, तरच तिचा निकाल धरण्यासारखा असतो.

औषधावांचून या रोगाचा स्वाभाविक क्रम कसा असतो, हें डेन्मार्कमधील कोपनहेगन येथें एरिक पायटरसन या वैद्यानें पंचवीस वर्षें रोग्यांची नोंद ठेवून दाखविलें. २००२ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत बेलच्या पक्षाघाताचे १७०१ रोगी आहेत. त्यांपैकीं शेंकडा ७१ जणांचा चेहरा पूर्ववत् झाला. शेंकडा १२ जणांत किंचित् दोष उरला, शेंकडा १३ जणांत त्याहून अधिक आणि शेंकडा ४ जणांत मोठा दोष राहिला. औषधावांचून दहांपैकीं सात माणसें पूर्ण बरीं होतात, ही गोष्ट धीर देणारी आहे. पण उरलेले तीन कोण, हेंच तर भाकितानें सांगावयाचें असतें. त्यासाठीं या अभ्यासांतून व इतर अनुभवांतून कांहीं कसोट्या निघाल्या आहेत.

पहिली कसोटी अशी कीं, चेहरा पूर्ण लुळा पडला आहे कीं थोडी तरी हालचाल शिल्लक आहे. कोपनहेगनच्या रोग्यांत ज्यांची हालचाल कांहीं अंशीं टिकून राहिली, त्यांपैकीं शेंकडा ९४ पूर्ण बरे झाले. ज्यांचा चेहरा पूर्ण लुळा पडला, त्यांपैकीं शेंकडा ६१. परंतु येथेंहि घाई करूं नये, कारण लुळेपणा पहिले दोनतीन दिवस वाढत जाऊं शकतो. पहिल्या सकाळीं थोडा हालणारा गाल तिसऱ्या दिवशीं अगदींच थांबलेला असूं शकतो.

दुसरी कसोटी काळाची, आणि ती सर्वांत मोलाची आहे. हालचालीचें पहिलें चिन्ह केव्हां दिसलें? शेंकडा ८५ रोग्यांत तें तीन आठवड्यांच्या आंत दिसलें. ओंठाचा कोपरा किंचित् हालणें, पापणीचें थोडें मिटणें, एवढेंहि पुरे. असें चिन्ह जितकें लवकर दिसेल, तितकी पूर्ण बरें होण्याची आशा अधिक. उरलेल्या शेंकडा १५ जणांत तें तीन ते पांच महिन्यांनीं दिसलें. याचा अर्थ असा कीं त्यांचे तंतू मेले होते व नवे कोंब वाढून यावे लागले. अशा रोग्यांचा चेहराहि हालूं लागतो, पण त्यांत कांहीं ना कांहीं उणीव राहण्याचा संभव असतो.

तिसरी कसोटी वयाची. लहान मुलें दहांपैकीं नऊ पूर्ण बरीं होतात. साठीच्या पुढें हें प्रमाण बरेंच उतरतें. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना, तसेंच गर्भवती स्त्रियांना पूर्ण लुळेपणा आल्यास अधिक जपावें लागतें. चौथी कसोटी म्हणजे कानांत, कानाच्या पाळीवर किंवा टाळ्यावर पाण्याचे फोड आहेत काय हें पाहणें. तसे असल्यास तो बेलचा पक्षाघात नसून नागिणीचा प्रकार असतो. त्याचें वर्णन अमेरिकेंतील रॅमसे हंट या वैद्यानें १९०७ सालीं केलें. त्यांत दुखणें तीव्र असतें, ऐकूं कमी येणें व चक्कर हींहि सोबत येऊं शकतात, आणि पूर्ण बरें होण्याचें प्रमाण कमी असतें. त्याला विषाणूविरुद्धचें औषधहि तातडीनें द्यावें लागतें.

ज्याचा चेहरा पूर्ण लुळा आहे, त्याच्या बाबतींत विद्युत्-परीक्षा उपयोगी पडते. कानाखालीं मज्जातंतूला विजेचा सौम्य धक्का देऊन गालाच्या स्नायूंचें उत्तर मोजतात आणि निरोगी बाजूच्या उत्तराशीं तें ताडून पाहतात. निरोगी बाजूस शंभर मानलें आणि दुखऱ्या बाजूस साठ आलें, तर चाळीस तंतू गेले असा हिशेब. दोन आठवड्यांच्या आंत नव्वदांहून अधिक गेले असतील, तर पुढें ठळक दोष राहण्याची भीति साधारण निम्म्या रोग्यांत असते. अशांच्या बाबतींत हाडाचा बोगदा उघडून मज्जातंतु मोकळा करण्याची शस्त्रक्रिया कांहीं ठिकाणीं करतात. पण ती नाजुक आहे, तींत श्रवणशक्तीला धोका आहे आणि तिच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाहीं. ज्याची हालचाल थोडी तरी शिल्लक आहे, त्याला या परीक्षेचें कारण नाहीं. त्याचा चेहराच त्याचें प्रगतिपुस्तक आहे.

आतां उपचाराविषयीं. चार्ल्स बेलच्याच स्कॉटलंडमध्यें सतरा रुग्णालयांनीं मिळून साडेपांचशें रोग्यांवर एक काळजीपूर्वक परीक्षा केली व २००७ सालीं तिचा निकाल प्रसिद्ध झाला. रोग सुरू झाल्यापासून बहात्तर तासांच्या आंत कांहींना प्रेड्निसोलोन हें सूज उतरविणारें औषध दहा दिवस दिलें, कांहींना दिलें नाहीं. तीन महिन्यांनीं, औषध घेतलेल्यांपैकीं शेंकडा ८३ जणांचा चेहरा पूर्ववत् झाला होता; न घेतलेल्यांपैकीं शेंकडा ६४ जणांचा. नऊ महिन्यांनीं हेच आंकडे ९४ व ८२ असे झाले. केवळ विषाणूविरुद्धचें औषध दिल्यानें मात्र फायदा दिसला नाहीं. डेन्मार्क व स्कॉटलंड येथील रोगी आणि मोजण्याची रीत निराळी असल्यामुळें दोन्हीकडील आंकडे एकमेकांशीं ताडूं नयेत. पण स्कॉटलंडचा धडा स्पष्ट आहे. सूज ताजी असतांनाच तिला उतार दिला, तर जे तंतू नुसते चेंगरलेले आहेत त्यांतील कित्येक मरणापासून वांचतात. कोणता रोगी सातांतला व कोणता तिघांतला हें कळेपर्यंत थांबलें, तर ही संधि निघून जाते. अर्थात् हें औषध स्वतःच्या मनानें घ्यावयाचें नाहीं. मधुमेह, रक्तदाब, पोटांतील व्रण किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना तें आधीं सांगितलें पाहिजे.

भाकित कांहीं असो, डोळ्याची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी लागते. डोळा मिटत नाहीं म्हणून बुबुळ कोरडें पडतें व त्याला जखम होऊं शकते. तोंड महिन्यांनीं सरळ होईल. गेलेली दृष्टि परत येणें कठीण. मिटण्याचा प्रयत्न केला म्हणजे बुबुळ वर वळतें. हेंहि बेलनेंच दाखवून दिलें. पण निसर्गाचें हें संरक्षण अपुरें आहे. दिवसा डॉक्टरांनीं दिलेले थेंब घालावे, वाऱ्याधुळींत चष्मा वापरावा, आणि रात्रीं मलम घालून पापणी पट्टीनें हलकेच बंद करावी. डोळा लाल झाला किंवा खुपूं लागला, तर लगेच नेत्रवैद्याकडे जावें.

घरांत एक समजूत अशी असते कीं, गाल जोरजोरानें फुगविले, आरशापुढें तोंड वेडेंवांकडें केलें किंवा विजेचे झटके दिले म्हणजे लवकर गुण येतो. विजेच्या झटक्यांचा फायदा सिद्ध झालेला नाहीं. आणि उशिरा बरें होणाऱ्या रोग्यांत बळजबरीची हालचाल उलट अडचण वाढवूं शकते. नवे कोंब भलत्या वाटेनें गेले म्हणजे हंसतांना डोळा मिटतो आणि डोळा मिटतांना ओंठ ओढला जातो. क्वचित् जेवतांना एका डोळ्यांतून पाणी वाहूं लागतें, कारण लाळेच्या ग्रंथीकडे जावयाचा कोंब अश्रूंच्या ग्रंथीकडे गेलेला असतो. अशा वेळीं जाणत्या शिक्षकाकडून आरशापुढें शांतपणें, लहान लहान व वेगवेगळ्या हालचाली शिकाव्या लागतात. हें काम अक्षर वळविण्यासारखें आहे. जोर लावून तें साधत नाहीं.

यावरून रोग्यानें व घरच्यांनीं पंचांगांत तीन खुणा करून ठेवाव्या. पहिली तीन दिवसांची : या मुदतींत डॉक्टरांची भेट, निदान आणि औषध. दुसरी तीन आठवड्यांची : या मुदतींत हालचालीचें पहिलें चिन्ह दिसलें, तर आनंद मानावा. तिसरी तीन महिन्यांची : तोंवर चेहरा पूर्ववत् झाला नसेल, तर तज्ज्ञांकडे पुन्हां तपासणी करून घ्यावी. आणि चार महिन्यांपर्यंत कांहींच हालचाल आली नाहीं, किंवा लुळेपणा एका रात्रींत न येतां आठवड्यांगणिक वाढत गेला, तर हा बेलचा पक्षाघातच आहे हें गृहीत धरूं नये. कानांतील जुनी पूं, एखादी गांठ, अशीं दुसरीं कारणें शोधावीं लागतात. महाराष्ट्रांत एक कारण विसरून चालणार नाहीं, तें म्हणजे कुष्ठरोग. त्यांतही चेहऱ्याचा मज्जातंतु दुखावून डोळा मिटेनासा होतो. अंगावर बधिर चट्टा असेल तर तो लपवूं नये. आज त्या रोगावर खात्रीचें औषध आहे.

शेवटीं घरच्या माणसांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. हात मोडलेला मनुष्य तो झोळींत घालून चारचौघांत वावरतो. तोंड वांकडें झालेला मनुष्य चारचौघांत जाणेंच सोडतो. त्याला हंसूं येतें तेंही तो दाबून धरतो. त्याला 'उद्यां बरें होईल' असें खोटें आश्वासन देऊं नये, कारण उद्यां तसें झालें नाहीं म्हणजे त्याचा सगळ्यांवरचा विश्वास उडतो. 'आतां असेंच राहणार' असेंहि म्हणूं नये, कारण तें बहुतेकांच्या बाबतींत खोटें ठरतें. त्याला खरें तेंच सांगावें : बहुतेक माणसें बरीं होतात, औषध वेळेवर सुरू झालें आहे, डोळा आपण जपतों आहों, आणि तीन आठवड्यांनीं याहून अधिक नक्की सांगतां येईल. जेवढें ठाऊक आहे तेवढें सांगणारें हें उत्तर त्या माणसाला धीर देतें, आणि पुढें त्याला फसवीतही नाहीं.